पिंपळगावच्या पॅकहाऊसच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

"फास्ट डिस्क म्हणून दिली आणि ऐन सीझनला वजनाची एक नोंद सेव्ह होईपर्यंत चहा पिऊन होतो. फोन केला तर म्हणे तुमचं नेट बघा. स्वस्तातली डिस्क, उद्या डेटाही जाईल," असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मनापासून माफी मागतो.

शनिवारी मी स्वतः तुमच्या काट्याशेजारी उभा होतो. क्रेट काट्यावर, ताईंनी एंटर दाबलं आणि चक्र फिरतच राहिलं. मागे पिकअपची रांग. नेट व्यवस्थित होतं.

चूक आमची. तुमची डिस्क म्हणजे आमच्या सर्व्हरवरची जागा. ती आम्ही इरेजर कोडिंगच्या पूलवर, म्हणजे डेटाचे तुकडे करून वाटून ठेवणाऱ्या सर्व्हरच्या गटावर, ठेवली होती. तिथे डेटाचे ४ तुकडे आणि २ पॅरिटीचे (हरवलेला तुकडा परत काढता येईल असा हिशोब), असे सहा सर्व्हरवर जातात. १ टीबीला दीड टीबी जागा लागते. तीन कॉपी ठेवल्या तर ३ टीबी. म्हणून तो दर कमी. मोठ्या फायलींना हे उत्तम चालतं. पण तुमचा पोस्टग्रेस डेटाबेस ८ केबीची पानं लिहितो आणि आमचा एक पट्टा, म्हणजे त्या ४ तुकड्यांत मिळून एका वेळी बसणारा डेटा, १६ केबीचा. अर्धा पट्टा बदलायचा तर आधी उरलेला वाचायचा, पॅरिटी नव्याने काढायची, मग सहाही ठिकाणी लिहायचं. सगळ्यात मंद डिस्कचा होकार येईपर्यंत नोंद अडकून राहते.

डिस्क देताना आम्ही टेस्ट घेतली ती एका मोठ्या फायलीची. त्यात पट्टे पूर्ण भरतात, आकडा छान दिसतो. ८ केबीचं एकेक पान लिहून, दर वेळी फ्लश करून, म्हणजे ते डिस्कवर पक्कं उतरेपर्यंत थांबून, बघायला हवं होतं.

रविवारी रात्री डेटाबेस तीन कॉपीच्या एसएसडी पूलवर हलवला. लाइट गेली तरी लिहिलेलं सांभाळणाऱ्या, कपॅसिटरवाल्या एसएसडी आहेत, त्यामुळे फ्लश लवकर उरकतो. क्रेटचे फोटो आणि बॅकअप जुन्याच पूलवर ठेवलेत. त्यांना तीच जागा योग्य.

डेटा जाईल, हे मात्र मान्य नाही. सहापैकी कुठलेही दोन सर्व्हर बंद पडले असते तरी तुमची एकही नोंद गेली नसती.

फोन घेणाऱ्या मुलाला डिस्कची लेटन्सी, म्हणजे एक नोंद लिहायला लागणारा वेळ, दिसतच नव्हती, म्हणून तो नेटवर घसरला. आता त्याच्या स्क्रीनवर ती दिसते.

या सीझनचं बिल घेणार नाही. उद्या पहिली गाडी लागेल तेव्हा मी काट्यावर असेन.