भिशीत विषय काढणे

पैशांच्या बाबतीत इंदूरच्या मराठी बायकांची भिशी एकदम चोख. बारा जणी, प्रत्येकीचे महिन्याला २,००० रुपये, चिठ्ठी निघेल तिला २४,०००. पहिल्याच महिन्यात निघाली तर बिनव्याजी कर्ज, बाराव्यात निघाली तर बिनव्याजी बचत, आणि मधल्या महिन्यांत निघाली तर आपण कर्ज काढलं की बचत केली हे घरी नीट सांगता येत नाही. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या आणि सारख्या घडीच्या हव्यात, कारण जाड कागदाची चिठ्ठी नेमकी बोटांना लागते. जिची एकदा निघाली तिचं नाव डब्यातून बाद. हप्ता मात्र शेवटपर्यंत चालू. भिशी बुडते ती इथेच, लवकर चिठ्ठी निघालेली बाई चौथ्या महिन्यापासून ‘जरा अडचण आहे’ म्हणू लागली की. म्हणून नवीन बाई घेताना तिला आणणारीच जामीन, हा नियम. एवढं सगळं दहा मिनिटांत आटोपतं.

खरी परीक्षा पुढच्या दोन तासांची. हल्ली आमच्यात टूम निघाली आहे की नुसत्या साड्या आणि सुना पुरे, दर महिन्याला आयुष्यातला एक विषय घ्यायचा. पन्नाशी उलटलेली, मुलं पुण्या-बंगळूरला नाहीतर थेट कॅनडात, निवृत्त नवरे सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत घरातच. विषयांना तोटा नाही. तोटा आहे तो ऐकणाऱ्यांचा.

पहिली अडचण आकड्याची. चार बायकांपर्यंत गप्पा एक असतात, पाचवी येऊन बसली की दोन होतात आणि बारा जणींत किमान साडेतीन. अर्धी ती, जी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोन्हीकडे हुंकार देते. यावर उपाय म्हणून लाटणं फिरवायचं ठरलं: ज्या हातात लाटणं तीच बोलणार, तीन मिनिटं. कल्पना वाईट नाही. फक्त लाटणं हातात आलं की नवऱ्याखेरीज दुसरा विषय सुचत नाही, आणि मोबाइलचा गजर वाजला की बाराही जणी आपापली पर्स उघडतात.

दुसरी अडचण सल्ल्याची. एखादीने ‘रात्री झोप लागत नाही’ म्हणायची खोटी, लगेच जायफळ, अश्वगंधा, उजवी कूस, वास्तुशास्त्र. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘अगं, माझ्या नणंदेला अगदी अस्संच’ सुरू होतं, आणि उरलेला वेळ त्या गैरहजर नणंदेचा. पहिली पाच मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, उपाय सांगायचा नाही, असा नियम केला तर थोडा फरक पडतो. पण मग प्रश्न येतो तो ‘जायफळ घेऊन पाहिलंस का?’ हा.

गुप्ततेचं तर बोलायलाच नको. होळकरांच्या काळापासून इथे स्थिरावलेली आमची मंडळी एकमेकांच्या आत्या-मावश्यांतून इतकी गुंतलेली की नाव न घेता काही सांगणं निव्वळ अशक्य. ‘एक बाई आहे, नाव नाही सांगत, रामबागेत राहते, मुलगा टोरांटोला, डावा गुडघा बदललाय’ एवढ्यावर तिघी तिचं माहेरचं आडनावही सांगतात.

आणि खाणं. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस ठरवलात तर विषय बुडालाच म्हणून समजा. बारा जणींना चौदा-पंधरा कोवळी कणसं किसायची, तुपावर मंद आचेवर परतायची, मग दूध घालून आटेपर्यंत ढवळत राहायचं. हात थांबला की बुडाला लागतं. जिच्या घरी भिशी ती एकटी कढईपाशी, आणि तिला बरं वाटावं म्हणून आणखी चौघी तिच्याभोवती. थंडीतल्या गराडू कंदाचीही तीच गत: सोलताना हाताला खाज, म्हणून आधी तेल चोळा, एकदा तळा, दाबा, ऐन वेळी पुन्हा कडक तळा, वर जिरावण मसाला आणि लिंबू. विषय असेल त्या महिन्यात दहीवडे करावेत. ते आदल्या रात्री होतात आणि खाताना तोंड बंद राहतं.

तरी एक कबूल करायला हवं. हळदीकुंकवाला जिला बोलावत नाहीत, तीसुद्धा भिशीत पहिल्या सोफ्यावर बसते. हा बदल कुणी ठराव करून आणलेला नाही. हप्त्याला कुंकू लागत नाही, एवढंच.

अनुभव असा की ज्यात हाताला काम आहे तो विषय चालतो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला मोबाइलवर करतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही अ‍ॅप्स लागतात, शिवाय आधार, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक आणि ओटीपी येणारा फोन जवळ हवा. तो नेमका नवऱ्याच्या खिशात असतो. पाठ खिडकीकडे असली की चेहरा काळा पडतो, म्हणून तोंड उजेडाकडे करावं आणि चष्मा काढावा. मग अ‍ॅप डोळे मिचकवायला सांगतं. फोटोत डोळे मिटू नयेत म्हणून साठ वर्षं श्वास रोखून बसलेली बाई पापणी हलवत नाही, आणि तिची हयाती अडून राहते.

नॉमिनीचा विषयही रंगतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नावं देता येतात, वाटे ठरवून. बेरीज १०० टक्के यायला हवी. लॉकरला मात्र एकामागून एक, म्हणजे पहिलं नाव हयात नसेल तरच दुसरं. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होतोच असं नाही, मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं, हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. नावं लिहायला घेतली की मुलगा, मुलगी, सून, नातू, झाली चार. नवरा राहिला हे वाटे ठरवून झाल्यावर लक्षात येतं.

पण पाळी जाण्याचा विषय ठेवला की हॉलमध्ये शुकशुकाट. सलग १२ महिने आली नाही तर गेली समजायचं, आणि त्यानंतर थेंबभर जरी दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचं, एवढं कुणीतरी वाचून दाखवतं. माना हलतात, दहीवडे संपतात. निरोप होतात, चपला सापडतात, फाटकाशी अ‍ॅक्टिव्हा सुरू होते. आणि तेव्हा एखादी हँडलवर हात ठेवून हळूच म्हणते, ‘वहिनी, ते थेंबभर म्हणजे... मला मागच्या आठवड्यात...’

गाडी बंद होते. या वेळी ना लाटणं, ना गजर, ना कुणाची नणंद. उद्या दहाला कुणी कुणाला न्यायचं, घरी काय सांगायचं, जुने कागद कुठल्या पिशवीत आहेत, सगळं उभ्या-उभ्या ठरतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन.

‘अहो, निघाले. गाडीवरच बसून राहिलेय.’

खोटं काहीच नसतं त्यात.