झेंडा आपला, खर्च शेजाऱ्याचा

समुद्रापलीकडचा एखादा मुलूख ‘संरक्षणाखाली’ घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा: झेंडा लावायला फारसा खर्च येत नाही. एक काठी, एक कापड आणि जाहीरनामा वाचायला खणखणीत आवाजाचा एक माणूस, एवढ्यात भागतं. महाग असतं ते पुढचं. कारकून, पोलीस, होडी, कोळसा, क्विनाईन. म्हणून झेंडा आधी लावून टाकावा. पैशाचा विषय नंतर काढावा, आणि तोही शक्यतो दुसऱ्याने.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड या ब्रिटिश वसाहतीचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, थॉमस मॅकिलरेथ यांचा कित्ता गिरवा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेल्या न्यू गिनी बेटावर जर्मनांचा डोळा आहे अशी कुणकुण लागली, तशी त्यांनी लंडनच्या उत्तराची वाट बघण्यात वेळ घालवला नाही. थर्सडे आयलंडवरचा आपला पोलीस मॅजिस्ट्रेट हेन्री चेस्टर तिथल्या पोर्ट मोर्सबीला धाडला आणि ४ एप्रिल १८८३ रोजी बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग महाराणींच्या नावे करून टाकला. मॅजिस्ट्रेट एक, मुलूख आजच्या महाराष्ट्राहून मोठा. खर्चाचं काय, असं कोणी विचारायच्या आत ‘कारभाराचा खर्च आम्ही सोसू’ असंही कळवून ठेवलं होतं. हे मात्र जपून करा. अशी वाक्यं लंडनच्या दप्तरात फार काळ टिकतात.

वसाहतमंत्री लॉर्ड डर्बी यांनी जुलैत हा सगळा व्यवहार रद्द ठरवला. वसाहतीला परस्पर मुलूख खालसा करण्याचा अधिकारच नाही, हे कारण झालं. दुसरं कारण असं, की क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांना बेटांवरचे मजूर लागत आणि ते कसे भरती होतात याबद्दल लंडनला फारसा भ्रम नव्हता. पुढच्याच वर्षी ‘होपफुल’ या जहाजाचं प्रकरण कोर्टात गेलं आणि भरतीच्या नावाखाली न्यू गिनीलगतच्या बेटांवरून माणसं पळवल्याचं, काहींना ठार मारल्याचं बाहेर आलं. पण एवढ्याने तुम्ही खचू नका. ज्यांना तुमच्यापासून वाचवायचं आहे त्यांचं संरक्षण तुम्हीच करायला पुढे येणं, यात एक सोय असते. लांब जावं लागत नाही.

नकार आला की परिषद भरवा. १८८३ च्या अखेरीस सिडनीत सगळ्या ऑस्ट्रेलियन वसाहती, न्यूझीलंड आणि फिजी एकत्र बसले आणि न्यू गिनी ब्रिटिशांकडेच आली पाहिजे, यावर एकमत झालं. एकमत होणारच. ठरावाला पैसे पडत नाहीत. डर्बीसाहेबांनी मात्र मे १८८४ मध्ये नेमकी दुखरी नस दाबली: वर्षाला पंधरा हजार पौंडांची हमी द्या, मग बघू. आयजीच्या जिवावर बायजी उदार हा न्याय इथे दोन्ही बाजूंना लागू होता, फक्त आयजी कोण आणि बायजी कोण, एवढंच ठरायचं होतं.

सोहळ्यात मात्र कंजुषी दिसू देऊ नका. ६ नोव्हेंबर १८८४ रोजी कमोडोर अर्स्किन यांनी पोर्ट मोर्सबीला संरक्षित प्रदेशाची घोषणा केली. त्याआधी आसपासच्या मुखियांना ‘नेल्सन’ या युद्धनौकेवर बोलावून साखर घातलेला भात खाऊ घातला. बोएवागी या मोतू जमातीच्या मुखियाच्या हाती अधिकाराची खूण म्हणून एक काळी शिसवी काठी दिली. काठीच्या मुठीत एक फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंगांचं नाणं, राणीचा चेहरा वर येईल असं बसवलेलं. बोएवागीला सांगण्यात आलं, की ही काठी राणीचीच समज. पंधरा हजारांची घासाघीस चाललेली असताना हे दोन शिलिंग तेवढे कुणाच्याही मंजुरीवाचून देऊन झाले. अशा वेळी हात सैल सोडावा.

(जर्मनांनी त्याच महिन्यात ईशान्येकडे आपला झेंडा लावला आणि कारभार एका खासगी कंपनीच्या गळ्यात मारला. कंपनी तोट्यात गेली, आणि १८९९ मध्ये ते घोंगडं जर्मन सरकारच्याच गळ्यात आलं.)

आता अधिकारी नेमा. हुद्दा भारदस्त असावा, अधिकार बेताचा. सर पीटर स्क्रॅचली हे किल्ले आणि तोफखाने बांधण्यातले नामांकित इंजिनिअर. त्यांना ‘स्पेशल कमिशनर’ केलं, पण कायदे करायची मुभा दिली नाही. जानेवारी १८८५ मध्ये ते ऑस्ट्रेलियात उतरले आणि आपल्या प्रदेशाला पाय लावायला त्यांना ऑगस्ट संपत आला. मधले महिने गेले ते बरेचसे राजधान्यांमधून वर्गणीसाठी नाकदुऱ्या काढण्यात. हवंच तर यालाच कारभार म्हणा. भाड्याच्या जहाजातून तीन महिने किनारा पालथा घालून त्यांना हिवताप झाला आणि २ डिसेंबरला परतीच्या वाटेवर समुद्रातच ते गेले. वर्गणीचा वाद मात्र ठणठणीत होता.

हा वाद कसा घालायचा, याचं शिक्षण आपल्याला वेगळं घ्यायला नको. लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी मागितल्यावर तळमजल्यावरचे काय म्हणतात आणि सातव्या मजल्यावरचे त्यांना काय उत्तर देतात, तेवढं आठवावं. न्यू गिनी क्वीन्सलंडच्या दाराशी, तेव्हा तिनेच द्यावं. छे, संरक्षण सगळ्यांचं, तेव्हा सगळ्यांनी द्यावं. साम्राज्य लंडनचं, तेव्हा लंडनने द्यावं. घाबरलात तुम्ही, तेव्हा तुम्हीच द्या. चारही मुद्दे बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा वाद कितीही वर्षं चालवता येतो.

अखेर १८८७ मध्ये तोडगा निघाला. दहा वर्षं दरसाल पंधरा हजार पौंडांची हमी क्वीन्सलंडने घ्यायची, आणि भार तिने, न्यू साउथ वेल्सने आणि व्हिक्टोरियाने मिळून उचलायचा. सिडनीत हात वर करणाऱ्या बाकीच्यांचे हात आता खिशात होते. लंडनने ‘मेरी इंग्लंड’ नावाचं जहाज दिलं. सप्टेंबर १८८८ मध्ये प्रदेश रीतसर खालसा झाला आणि डॉक्टर असलेले सर विल्यम मॅकग्रेगर कारभार बघायला आले. १८९० मध्ये त्यांनी सशस्त्र पोलीस दल उभारलं: सॉलोमन बेटांवरचे बारा शिपाई आणि त्यांच्यावर दोन फिजियन. जर्मनांचा वाटा गेल्यावरही मुलूख महाराष्ट्राच्या पाऊणपट उरला होता, त्याला हे चौदा जण. मॅकग्रेगर माणूस खमका होता, ओवेन स्टॅनली डोंगररांगेतलं सगळ्यात उंच शिखर चढून त्यांनी त्याला राणीचं नाव दिलं. तेही बिनखर्चाचं.

दहा वर्षं १८९८ ला संपली आणि पुन्हा तेच दळण. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं, त्याने वर्षाला वीस हजार पौंड कबूल केले. प्रत्यक्ष ताबा घ्यायला १९०६ उजाडलं, कारण कबूल करणं आणि ताबा घेणं यांत पाच वर्षं जाऊ द्यावीत असा प्रघात आहे.

एवढा मनस्ताप नको असेल तर एक सोपी वाट आहे. बिल अशा माणसाच्या नावे फाडा, ज्याला विधिमंडळात उभं राहून ‘देत नाही’ म्हणता येत नाही. इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतलेलं अरबस्तानच्या टोकाचं एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याला जोडलेलं होतं. बंदर साम्राज्याच्या वाटेवरचं, पैसा हिंदुस्थानच्या तिजोरीतला. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या करदात्यांची परिषद कोणी सिडनीत किंवा आणखी कुठे भरवली नाही. १८९७ मध्ये गोखले लंडनला जाऊन हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देऊन आले, दादाभाई तर त्या आयोगाचे सदस्यच होते. तेव्हा कुठे १९०० मध्ये आयोगाला वाटलं, की एडनच्या लष्करी खर्चाचा निम्मा भाग ब्रिटनने उचलायला हरकत नसावी.

पापुआतही, म्हणजे पूर्वीच्या त्या ब्रिटिश न्यू गिनीतही, ही युक्ती शेवटी सुचलीच. १९१७ च्या कायद्याने तिथल्या मूळ रहिवाशांवर कर बसला, माणशी वर्षाला जास्तीत जास्त एक पौंड. पैसा त्यांच्याच शाळा-दवाखान्यांसाठी वापरायचा, असं ठरलं होतं. मळ्यावरच्या मजुराची किमान मजुरी तेव्हा महिना दहा शिलिंग होती. म्हणजे पौंड भरायचा तर दोन महिने राबायचं, आणि मळेवाल्यांना तर मजूर हवेच होते.