एक लिटरचे इंजिन आणि आल्तिनोचा चढ

दसऱ्याला गाडी घेण्याचा विचार करणाऱ्यांना सावध करणारा एक लांबलचक संदेश सध्या फोंड्यापासून म्हापशापर्यंत मोबाइलवरून फिरतो आहे आणि माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. हजार सीसीच्या आसपासचे तीन सिलिंडरचे इंजिन गोव्यासारख्या चढउतारांच्या प्रदेशात निरुपयोगी आहे, एसी लावला की ते मान टाकते, ताण पडल्यामुळे मोठ्या इंजिनापेक्षा जास्त पेट्रोल पिते, चार-पाच वर्षांत निकामी होते आणि अशी गाडी अपघातात पत्र्याच्या डब्यासारखी चेपते, असा त्याचा मथितार्थ आहे. यातले एक विधान अर्धे खरे आहे. बाकीच्यांविषयी तेवढेही म्हणता येत नाही.

चढाचा मुद्दा आधी घेतो, कारण संदेशाचा सगळा भर त्याच्यावर आहे. गाडीचे वजन साडेसातशे किलो, त्यात चार माणसे आणि सामान मिळून साडेतीनशे, म्हणजे एकूण 1,100 किलोंचा भार दहास एक अशा चांगल्या उभ्या चढावर ताशी 20 किलोमीटरने चढवायचा असेल, तर टायरचे घर्षण धरून साधारण नऊ अश्वशक्ती पुरतात. ऑल्टो के10 च्या 998 सीसी इंजिनाची कमाल ताकद 66 अश्वशक्तीच्या आसपास आहे. तरीही पणजीत आल्तिनो टेकडीच्या वळणांवर छोट्या गाड्या धापा टाकताना दिसतात, हे मी नाकारत नाही. मीही माझ्या छोट्या गाडीने सुरुवातीचे काही दिवस तिसऱ्या गिअरमध्येच तो चढ काढू पाहत असे. वळणावर वेग उतरला की स्टिअरिंग थरथरू लागे, गिअरची दांडी हातात कडकडे आणि पाय कितीही दाबला तरी गाडी हूं की चूं करत नसे. त्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे मिनिटाला अकराशे-बाराशेवर येतात, तिथे त्याच्याकडे द्यायला जेमतेम दहा अश्वशक्ती असतात आणि त्यांतल्या दोन-तीन एसीचा कॉम्प्रेसर काढून घेतो, मग चढासाठी उरते काय? दुसरा गिअर टाकला की त्याच वेगाला फेरे दीडपट होतात आणि तीच गाडी एसीसकट वर जाते. एसीवरचा आरोपही त्यामुळे इथेच निकालात निघतो. आवाज वाढतो, हे खरे. पण आवाज वाढला म्हणजे इंजिनावर अत्याचार होतो, ही समजूत डिझेल गाड्या चालवलेल्या पिढीने आपल्याकडे रुजवली असावी, असा मला संशय आहे.

शिवाय ताकद नुसती मोजून भागत नाही, ती किती वजन ओढते हेही पाहावे लागते. ब्रेझाच्या 1.5 लिटर इंजिनाची ताकद 102 अश्वशक्तीच्या आसपास असली, तरी गाडी 1,100 किलोंच्या पुढे जाते. रिकाम्या गाडीच्या दर टनामागे हिशेब केला, तर ती आणि ऑल्टो के10 जवळजवळ एकाच पातळीवर येतात. उलट काही 999 सीसी टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारी, इंजिने शंभराच्या वर अश्वशक्ती देतात. सीसीचा आकडा वाचून पिकअपचा अंदाज बांधणे म्हणजे भांड्याच्या आकारावरून आमटीची चव ठरवण्यासारखे आहे.

पेट्रोलच्या बाबतीत तुलना करायची, तर एकाच गाडीची दोन इंजिने घ्यावीत. वॅगनआरच्या साध्या गिअरच्या गाड्यांसाठी अधिकृत चाचणीतला आकडा 1 लिटरच्या इंजिनाला 24.35 आणि 1.2 लिटरच्या इंजिनाला 23.56 किलोमीटर प्रतिलिटर असा प्रसिद्ध झालेला आहे. फरक किरकोळ आहे, हे मान्य. पण तो संदेशात सांगितला आहे त्याच्या उलट बाजूने आहे. सपाट रस्त्यावर ताशी 40 ने जाणाऱ्या छोट्या गाडीला जेमतेम तीन अश्वशक्ती लागतात. एवढ्या कमी कामाला मोठे इंजिन जुंपले, की त्याचा थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारा पडदा, जवळजवळ मिटलेला राहतो आणि हवा ओढण्यातच शक्ती वाया जाते. पणजीच्या दिवजा सर्कलवर संध्याकाळी उभे राहावे लागते तेव्हा तर मोठे इंजिन एका जागी नुसते फिरायलाच जास्त पेट्रोल घेते. विम्याचेही तसेच आहे. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता 1,000 सीसीपर्यंत 2,094 रुपये आणि त्यापुढे 1,500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आहे.

इंजिन लवकर निकामी होते, या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. 796 सीसीची मारुती 800 ही गाडी 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि तिने या देशाच्या दोन पिढ्या वाहिल्या. इंजिन मरते ते वेळेवर न बदललेल्या ऑइलने, आटलेल्या कूलंटने आणि वर सांगितलेल्या चुकीच्या गिअरने. गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात दरवाज्याच्या खालच्या कडा इंजिनाच्या कितीतरी आधी गंजतात, याविषयी मात्र संदेशात एक अक्षर नाही.

सुरक्षिततेचे विधान अर्धे खरे. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी 2022 मध्ये एस-प्रेसोला एक आणि 2023 मध्ये ऑल्टो के10 ला दोन तारे मिळाले, आणि ते घेणाऱ्याने डोळ्यांआड करू नयेत. पण त्याच 2022 मध्ये 1.2 लिटरच्या स्विफ्टलाही एकच तारा मिळाला, तर 999 सीसीच्या ट्रायबरला 2021 मध्ये, तेव्हाच्या नियमांनुसार, चार. तारे सांगाड्याला, पट्ट्यांना आणि एअरबॅगना मिळतात. जड गाडीशी टक्कर झाली तर हलक्या गाडीतल्यांना जास्त मार बसतो, हेही खरेच. पण तो वजनाचा दोष आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने तो इंजिनाच्या खात्यावर मांडला आहे.

जे लिहायला हवे होते, ते त्याने लिहिलेच नाही. दर आठवड्याला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्याला ट्रकच्या मागे अडकल्यावर ओव्हरटेक करताना हे इंजिन तोकडे पडते. पुढचा रस्ता मोठ्या गाडीला लागतो त्याहून कितीतरी लांबवर मोकळा दिसेपर्यंत थांबावे लागते आणि घाटात तो तसा क्वचितच दिसतो. अशा माणसाने टर्बो किंवा मोठे इंजिन घ्यावे. मी रोज फोंड्याहून पणजीला येतो आणि तिथल्या मळा या भागातल्या गल्लीत गाडी लावतो. 1,490 मिलिमीटर रुंदीची गाडी तिथे भिंतीला चिकटवून ठेवली, की पायलटची, म्हणजे भाड्याने माणसे नेणाऱ्याची, मोटारसायकल बाजूने जाऊ शकते. त्याहून एक फूट रुंद गाडीला तिथे जागाच नाही.