शांतता मागावी, दाद नव्हे

नाट्यगृहात कोणाचा तरी मोबाइल वाजतो, नट प्रयोग थांबवतो आणि कलावंताने प्रेक्षकांना सुनावावे की नाही, यावर आपल्याकडे पुन्हा दोन तट पडतात. इंग्लंडमध्ये बसून हा वाद वाचताना मला ‘रॉयल ब्लड’ ही रॉक वाजवणारी ब्रिटिश जोडी आठवते, कारण तिने प्रेक्षकांना सुनावले तेव्हा तक्रार नेमकी उलटी होती: लोक फार गप्प होते.

ब्रायटनच्या या जोडीत माइक कर गातो व बेस (खर्जातली गिटार) वाजवतो आणि बेन थॅचर ड्रम वाजवतो, नेहमीचा गिटारवादक नाहीच. माइक बेसचा आवाज दोन भागांत फोडून एक भाग बेसच्या अँप्लिफायरला देतो आणि दुसरा पेडलने (पायाने दाबायच्या यंत्राने) सप्तकभर वर चढवून गिटारच्या अँप्लिफायरला, त्यामुळे डोळे मिटून ऐकणाऱ्याला मंचावर चौघे तरी असावेत असे वाटते. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या वळणाचे जड, घोटून घोटून येणारे तुकडे हीच त्यांची पुंजी. २०१४ चा पहिला अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत अव्वल ठरला, पुढच्याच वर्षी ‘ब्रिट’ हा तिथला संगीत पुरस्कार मिळाला आणि २०१७ व २०२१ चे अल्बमही पहिल्या क्रमांकावर गेले.

मग मे २०२३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे बीबीसी रेडिओ १ च्या महोत्सवात, मुख्यतः पॉप गायकांसाठी जमलेल्या गर्दीसमोर, रॉक कोणाकोणाला आवडतो असे करने विचारले, थंड प्रतिसादाची खिल्ली उडवली, आम्हालाच आमच्यासाठी टाळ्या वाजवाव्या लागतात असे टोमणे मारले आणि मधले बोट दाखवत तो मंचावरून निघून गेला.

मला या दोन तक्रारी एका मापाच्या वाटत नाहीत. मोबाइलवाला शेजाऱ्याचा प्रयोग बिघडवतो. गप्प बसलेला श्रोता कोणाचेच काही हिरावून घेत नाही. रॉकला रेडिओवर जागा उरलेली नाही असे करचे दुःख असेल तर ते मला पटते, पण त्याचा जाब पुढच्या गायकाची वाट पाहणाऱ्या मुलीला विचारून काय साधणार? आपल्याकडे ‘रसिकच उरला नाही’ असे लिहिणारे मला डंडीच्या मंचावरच उभे दिसतात. मैफलीत पहिल्या रांगेतला जाणकार नुसती मान हलवतो. त्याच्याकडून ‘वाहवा’ वसूल करायला कोणी गेलेले मला ठाऊक नाही.

शिवाय या जोडीचे श्रोते दटावणीने आलेले नव्हतेच. पहिला अल्बम येण्याआधी, २०१३ च्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात, ‘आर्क्टिक मंकीज’ या रॉक बँडचा ड्रमर मॅट हेल्डर्स त्यांच्या नावाचा टी-शर्ट घालून वाजवायला बसला आणि नाव पसरले. २०२४ मध्ये त्याच पहिल्या अल्बमच्या दशकपूर्तीचा दौरा निघाला. त्याची तिकिटे काढून आलेल्यांना रॉक आवडतो का, असे विचारण्याची वेळ करवर आली नसावी.