‘काही नाही’ म्हणजे काय?

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. चौदा वर्षांची भाची सकाळी हसत होती आणि संध्याकाळी दार आपटून खोलीत बसली. दादाचं मत, “लाडावलीय. आमच्या वेळी असली थेरं चालत नव्हती.” वहिनी डॉक्टर शोधायला लागलेली. मी बारा वर्षं परदेशात आहे, माझा मुलगा पंधराचा, आणि दार इथेही तसंच आपटतं.

दादा, ही थेरं नाहीत. या वयात मेंदूतला भावनांचा भाग, अमिग्डाला, चटकन भडकतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. रात्रीची झोपही उशिरा यायला लागते. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी असते. अर्धवट झोपेतून उठलेल्या मुलाला सकाळी सातला शिस्त शिकवू नये, हे मला फार उशिरा कळलं.

इथल्या शाळेत भावनेला नाव द्यायला शिकवतात. मला ते आधी पोकळ वाटलं होतं. पण मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७च्या अभ्यासात, रागावलेले-घाबरलेले चेहरे बघताना ती भावना शब्दात सांगितली की अमिग्डाला शांत होताना दिसला. आणि शब्द तर आपल्याकडे किती! रुसणं, फुगणं, हिरमुसणं, खट्टू होणं, कातावणं, घुसमटणं. हिरमुसलेल्याला जवळ कुणीतरी हवं असतं, कातावलेल्याला थोडा वेळ एकटं सोडावं लागतं. मुलगा ‘काही नाही’ म्हणाला की मी तासभर थांबते. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारते, “वैतागलायस की घुसमटतंय?” उत्तर यायला चार-पाच खेपा लागल्या.

वहिनीची काळजीही खोटी नाही. किशोरवयातलं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं आणि आपण त्याला उद्धटपणा म्हणतो. दोन आठवडे जवळजवळ रोज तसंच राहिलं, झोप-भूक बिघडली, मैत्रिणी सुटल्या, तर डॉक्टरांकडे जायचंच. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबायचं नाही.

तिकडे दादाच्या घरी एक गोष्ट आहे जी वादात कुणी मोजत नाही. भाचीने दार आपटलं की आमची आई, म्हणजे तिची आजी, दाराशी जाऊन बसते, काही न विचारता. इथे माझ्या मुलाला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. रात्री दादाला फोन केला, म्हटलं, आज तू जाऊन बस.

“बसून बोलू काय?”

“काही बोलू नकोस.”