'आधी पायावर पाणी' घेतल्याने पक्षाघात टळत नाही

"आधी डोक्यावर पाणी घेतलं की मेंदूची नस फुटते, म्हणून म्हाताऱ्यांनी आंघोळ पायापासून करावी." हा मेसेज परभणी-लातूरकडं पुन्हा फिरतोय. त्याला वैद्यकीय आधार नाही. पक्षाघाताची मोठी कारणं म्हणजे वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू. चुकवलेली बीपीची गोळी पायावर पाणी ओतून भरून निघत नाही.

न्हाणीतला खरा धोका घसरण्याचा. आपल्याकडची शहाबादी फरशी वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली, त्यात साबणाचं पाणी. माझी आजी उठताना नळाला धरायची. एके दिवशी नळच निखळून हातात आला आणि तिचा खुबा मोडला. भिंतीत पक्का स्टीलचा दांडा दोनेक तासांत बसतो. तो आम्ही नंतर बसवला, याची खंत आजही आहे. खाली रबरी चटई अंथरा, बसायला न हलणारं स्टूल ठेवा. आणि आतून कडी नको, नुसतं दार लोटून घ्यायला सांगा.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, अशी पक्षाघाताची लक्षणं दिसली तर तेल चोळत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो.