डावं-उजवं कळत नसेल तर पार्ट विकता कशाला??

डोकं फिरलंय नुसतं. अख्खा शनिवार गॅरेजच्या थंडगार फरशीवर पाठ टेकून गेला, गाडी अजून स्टँडवरच आहे, चाक भिंतीला टेकवून ठेवलंय आणि कंबर कामातून गेलीये ती वेगळीच.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, १९७३ ची मार्क फोर. इंग्लंडात कॉव्हेंट्रीत राहतोय तर इथेच कॅन्लीला बनलेली गाडी घ्यावी ही हौस, आता फेडतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिच्या पुढच्या चाकाला वर बॉल जॉइंट असतो पण खाली नसतो, खाली असतो पितळी ट्रनियन, त्याला आतून आटे, आणि चाक ज्यावर उभं असतं त्या स्टीलच्या लिंकचं टोक त्यात बोल्टासारखं फिरवून बसवायचं. स्टिअरिंग वळवलं की लिंक त्या आट्यांत फिरते. एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे. हे लक्षात ठेवा, सगळी बोंब इथेच आहे.

ह्यात तेल घालायचं, ईपी ९० म्हणजे गिअरचं जाड तेल, ग्रीस नाही. ग्रीस खालपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, लिंक आतल्या आत गंजते आणि एक दिवस आट्यांपाशी मोडून चाक आडवं. आमच्या काकांची पुण्यात स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली, पुढचं सस्पेन्शन ह्याच घराण्यातलं. त्यांच्या मेकॅनिकने वर्षानुवर्षं प्रेमाने ग्रीस भरलं आणि लकडी पुलाच्या तोंडाशी चाक आडवं झालं, नशीब स्पीड नव्हता. हा किस्सा ऐकत मोठा झालोय, म्हणून चाक हलवून बघताना जरासा प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तशी मी लगेच एका पार्टवाल्यांकडून नवीन ट्रनियनची जोडी मागवली. ४० वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी, म्हणजे दरवर्षीची गाडीची तपासणी, सक्तीची नाही, म्हणजे कोणी तपासणार नाही, मेलो तर आपले आपण.

तर शनिवारी सकाळी खोलायला घेतलं. ट्रनियनमधून आडवा जाणारा बोल्ट आतल्या स्टीलच्या नळीशी गंजून एकजीव झालेला, हातोडा झाला, गॅसने तापवून झालं, शेवटी हॅक्सॉने दोन्हीकडून कापला, तीन पाती गेली. दुपारी अडीचला नवीन खोके उघडले. एकावर डावा स्टिकर, एकावर उजवा. डावा मस्त चढला. उजवा एक आटासुद्धा धरेना. म्हटलं घाण असेल, पुसलं, तेल लावलं, पुन्हा केलं, मग दोन्ही शेजारी धरून टॉर्च मारला तर दोन्हींचे आटे एकाच दिशेचे! म्हणजे स्टिकर बदलला की पार्ट बदलला, वा रे वा!! पार्टवाल्यांना फोन केला तर तिथला पोरगा म्हणतो आमच्या सिस्टीममध्ये बरोबर दिसतंय. अरे बाबा, सिस्टीम माझ्या गाडीला लावू का?

आणि जो डावा चढला तोही इतका टाइट की लिंक दोन्ही हातांनी फिरवावी लागते. असा बसवला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येणार नाही. ह्यावर उत्तर काय, तर चालवा, बसेल हळूहळू. चप्पल आहे का ती चावायची थांबायला?

ह्यांचंच गेल्या वर्षीचं प्रकरण म्हणजे विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे) रबरी बुश. ‘ओरिजिनल स्पेक’ म्हणे. चौदा महिन्यांत भेगा, गाडी फिरली असेल जेमतेम नऊशे मैल, त्याआधीचे जुने कित्येक वर्षं निमूट टिकले होते. तक्रार केली तर म्हणे तुम्ही गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळले असतील. नाही हो, चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन देऊनच आवळले, एवढं कळतं मला. (रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारखे बुश टाक म्हणणाऱ्यांनी प्लीज गप्प बसा, एका मित्राच्या गाडीत बसलोय, प्रत्येक स्पीडब्रेकरला जुन्या पलंगासारखी कुरकुरते.)

मुळात हे लोक कॉपी कशाची करतात हाच प्रश्न आहे. कारखान्याचं ड्रॉइंग हातात नाही, मग जुना पार्ट मोजायचा, तो पन्नास वर्षं झिजलेला, त्याच्यावरून नवीन काढायचा, म्हणजे झीज पण कॉपी. मी इथल्या एका लेथवाल्याकडे गेलो, म्हातारा चांगला माणूस, त्याने आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाला एकासाठी सेटिंग लावायला जेवढा वेळ जाईल तेवढ्याच वेळात पन्नास काढता येतील, पन्नास घेतोस का. पन्नास ट्रनियनचं मी लोणचं घालू?

शेवटी पुण्यातल्या चुलतभावाला कामाला लावला, म्हटलं जुन्या बाजारात हेराल्डचा कोरा ट्रनियन मिळतो का बघ, माझ्या लिंकला बसेल न बसेल नंतर बघू. काल त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला, तेलकट कागदात गुंडाळलेला एक पितळी तुकडा, अंधारात काढलेला फोटो, त्यात आट्यांची दिशा ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हटलं नीट बघून सांग, सुलटे की उलटे. तर म्हणतो दुकानदाराने हातातून काढून घेतला, म्हणाला आधी पैसे दे आणि मग काय ते बघत बस.